भाऊबीजेची चकती

“मग तिच्याच डोळ्यातून चकती का सुटली, सर? बाकी सगळ्यांच्या धरल्या. माझ्याच बहिणीची का सुटली?”

सरमहाराज नदीकडे बघत होते.

“तुम्ही तरी सांगा. विचारायला मला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.”

“विचारायला आलास, की मला कामाला लावायला?”

डॉ. निशिकांत शेडगे ओशाळले. कारण ते खरोखरच कामाला लावायला आले होते.

सरमहाराज आमच्या मठात राहतात. पूर्वी एका मोठ्या संस्थेत ते प्लास्टिकवर संशोधन करायचे. माणसाच्या शरीरात बसवायचं प्लास्टिक शरीराला आपलंसं कसं वाटेल, हा त्यांचा विषय. तिथले विद्यार्थी त्यांना सर म्हणायचे. सगळं सोडून इथे नदीकाठी येऊन राहिले, तेव्हा गाव महाराज म्हणू लागलं. त्यांना दोन्ही नावं आवडत नाहीत, म्हणून लोकांनी दोन्ही जोडून टाकली.

मी भिकोबा. मठाचा स्वयंपाक बघतो. त्याआधी एसटी स्टँडवर माझं हॉटेल होतं. मोठमोठी माणसं मी तिथे बघितली आहेत. घाईत चहा पिताना सगळ्यांचीच जीभ भाजते.

त्या दिवशी मी पडवीत तांदूळ निवडत होतो. उठून जावं असं वाटलं, पण सरमहाराज म्हणाले, “बसा.” म्हणून बसलो.

“वैजू ऑपरेशनला नाही म्हणते,” डॉ. शेडगे म्हणाले. “सोमवारची तारीख मिळाली आहे. डॉक्टर तयार आहेत, मी तयार आहे. ती एकटी नाही म्हणते. तुमचं नाव ती माझ्या तोंडून कितीतरी वर्षं ऐकते आहे. तुम्ही एक शब्द टाका. ती ऐकेल.”

“एक डोळा गेला ना तिचा?”

“गेला.”

“मग नाही म्हणणारच.”

“म्हणूनच तुमच्याकडे आलो.”

वैजू म्हणजे वैजयंता, डॉ. शेडग्यांची धाकटी बहीण. लहानपणी वडिलांच्या तंबाखूच्या चुन्याची पुडी तिच्या हातात फुटली. दाबून बघत होती, मुलं बघतात तशी. चुना दोन्ही डोळ्यांत गेला. बुबुळं भाजून पांढरी पडली. तेव्हापासून तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. शेडग्यांच्या घरात त्यानंतर कोणी पान खाल्लं नाही की तंबाखू. त्यानं काही परत आलं नाही.

भाऊ मोठा झाला, शिकला, सरमहाराजांच्या हाताखाली आला. त्यानं एकच काम हातात घेतलं. खराब बुबुळाच्या जागी बसवायची प्लास्टिकची चकती. हरभऱ्याच्या डाळीएवढी, आरपार दिसणारी. मधून उजेड आत जातो. भोवतीची कड मात्र डोळ्यानं धरून ठेवायला हवी. म्हणजे डोळ्यातल्या जिवंत पेशी कडेवर येऊन बसायला हव्यात, तिथे त्यांनी मूळ धरायला हवं. नाही धरलं तर कड सैल होते, आतलं पाणी झिरपतं, जंतू शिरतात. मग डोळाच काढावा लागतो.

वैजूचा उजवा डोळा असाच काढला होता.

“जगात माझ्याइतकी घट्ट बसणारी कड कोणाची नाही,” डॉ. शेडगे म्हणाले. “हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, लोक सांगतात. परदेशातून माणसं येऊन बघून गेली.”

“बरं.”

“तुम्हाला खोटं वाटतं?”

“नाही. खरं वाटतं.”

“मग बघा तर.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. मीही मान लांब केली. पडद्यावर एक चकती होती. वरून पाण्याचा एक थेंब आला, कडेवर टेकला, आणि टेकला म्हणेपर्यंत पसरला. कुठे गेला ते दिसेना.

“भिकोबांना सांग, म्हणजे काय झालं ते,” सरमहाराज म्हणाले.

स्वयंपाक्याला शिकवायची वेळ आली याचं दुःख डॉक्टरांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण त्यांनी सांगितलं.

“प्लास्टिक मूळचं पाण्याला जवळ येऊ देत नाही. थेंब टाकला तर गोळा होऊन वर बसतो. जिथे पाणी टेकत नाही तिथे पेशीही धड टेकत नाहीत. आल्या तरी अंग चोरून बसतात आणि निघून जातात. म्हणून मी चकती एका पेटीत ठेवतो, त्यातली हवा काढतो आणि विजेनं जांभळी झळ देतो. त्या झळीनं वरचा थर बदलतो. अगदी वरचा. केस त्याच्यापुढे भिंतीसारखा जाड. मग पाणी पसरतं आणि पेशी पाय पसरून बसतात.”

“म्हणजे आधी तुपकट ताट, मग घासलेलं ताट,” मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“साधारण तसंच,” ते म्हणाले.

“ही चकती कोणाची?” सरमहाराजांनी मोबाइलकडे बोट केलं.

“वैजूचीच. दुसऱ्या डोळ्याची. सोमवारी हीच बसवायची आहे. त्या दिवशी मी दोन केल्या, दोन्ही डोळ्यांसाठी.” ते जरा थांबले. “भाऊबीज होती. दर वर्षी ओवाळून झालं की वैजू म्हणायची, ‘दादा, साडी नको. मला बुबुळ घाल ओवाळणीत.’ थट्टेत म्हणायची. गेल्या वर्षी मी म्हणालो, थांब. ओवाळून घेतलं, ताटात काहीच टाकलं नाही, तसाच प्रयोगशाळेत गेलो. सुट्टी होती, कोणी नव्हतं. आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. इतका सुंदर थेंब मी परत कधी पसरलेला पाहिला नाही.”

बोलताना त्यांचा आवाज बदलला. तेवढ्यापुरता मला तो माणूस आवडला.

“आणि तीच सुटली,” सरमहाराज म्हणाले.

“तीच सुटली.”

…

बाहेर चिंचेखाली त्यांची गाडी उभी होती. इंजिन चालूच होतं. काचा बंद.

“गाडीत कोण आहे?” सरमहाराजांनी विचारलं.

“वैजू आहे. तुमच्याशी बोलणं झाल्यावर तिला आत आणणार होतो. इथे धूळ आहे, गुरं आहेत. तिला आता कसलाही संसर्ग होऊन चालणार नाही. घरीसुद्धा मी तिची खोली वेगळी ठेवली आहे. कोणी जात नाही.”

“भिकोबा, त्यांना पाणी नेऊन द्या.”

मी तांब्या-फुलपात्र घेऊन गेलो. काचेवर टकटक केली. आतल्या बाईनं मान वळवली. डोळ्यांवर काळा चष्मा, उजव्या बाजूला चष्म्याच्या आत पांढरी पट्टी. दार चाचपून तिनं वीतभर उघडलं.

“कोण?”

“मठातला आहे. पाणी आणलंय.”

“काच खाली घ्यायची न्हाई म्हणलाय दादा. धूळ येती.” तरी तिनं हात बाहेर काढला, फुलपात्र घेतलं, सगळं पाणी प्यायली. “हितं नदी हाय म्हणं.”

“आहे की. ही काय, पलीकडेच.”

“आत बसून काय कळंना झालंय. नुसता गार वारा त्या मशिनीचा.”

मला हॉटेलात बसलेल्या माणसाशी बोलायची सवय, गाडीत कोंडलेल्या बाईशी नाही.

“ऑपरेशन आहे ना सोमवारी?”

“दादा म्हणतोय. महाराज सांगतील तसं करू म्हणला.”

“तुमच्या मनात काय आहे?”

“इचारलंय कुणी?” ती हसली. हसणं चांगलं होतं तिचं. “ह्या डाव्या डोळ्याला उजेड कळतो बघा. सकाळी उठलं की खिडकी कुठं हाय ते कळतं. दिवस उगवला, मावळला, कळतं. ऑपरेशन बिघडलं तर ते बी जाणार. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या म्हणते मी. बास.”

“पहिल्या ऑपरेशननंतर दिसलं होतं म्हणे?”

“दिसलं की. चांगलं महिनाभर दिसलं. पट्टी काढली तर म्होरं एक माणूस, डोक्याचं केस पिकलेलं. म्हटलं हे कोण? मी बघितल्याला दादा चड्डीवरचा. मग त्यो हसला, तवा ओळखू आला.” तिनं रिकामं फुलपात्र हातात फिरवलं. “डोळा काढला, तवापासनं म्होरं येऊन बसत न्हाई. बोलतो, औषध आणतो, सगळं करतो. पर बोलताना तोंड दुसरीकडं असतंय. आवाजावरनं कळतं की.”

फुलपात्र परत देऊन तिनं दार ओढून घेतलं.

मी परत येऊन तांदळापाशी बसलो. खडे दिसेनात. तसाच सूप मांडीवर घेऊन बसून राहिलो.

…

“चकती आणली आहेस?” सरमहाराज विचारत होते.

“बरोबरच असते. दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही.”

त्यांनी बॅगेतून एक डबी काढली. डबीत जाड पाकीट, पाकिटात दुसरं पाकीट, त्यात चकती. सोनाराकडची वस्तूसुद्धा एवढी गुंडाळलेली नसते.

“दाखव.”

“दिसते आहे ना बाहेरून.”

“उघडून दाखव.”

“उघडली की वाया गेली, सर. निर्जंतुक केलेली आहे. हवा लागली, हात लागला की संपलं. सोमवारी हीच बसवायची आहे.”

“मग राहू दे.”

सरमहाराजांनी डोळे मिटून घेतले. गाडीचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं.

“तुम्ही वैजूशी बोलणार ना?” शेवटी डॉक्टरांनी विचारलं.

“काय बोलू?”

“की भावानं केलेली वस्तू आहे, चांगली आहे, घाल डोळ्यात.”

“मी बघितलीच नाही ती.”

“व्हिडिओ बघितलात.”

“तो भाऊबीजेचा. आज काय तारीख?”

“सर, ती आहे तशी आहे. मी तिला कुठे काय होऊ दिलंय? धूळ नाही, दमट हवा नाही, माणसाचा हात नाही. हवासुद्धा काढून घेतली आहे आतली. मी स्वतः बंद केली त्या दिवशी.”

“बरं.”

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही.”

सरमहाराजांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

“एवढी वर्षं तुमच्या हाताखाली काढली. तुम्ही सोडून गेलात, काम मी पुढे नेलं. आणि तुमचा माझ्यावर विश्वास नाही…”



डॉ. शेडग्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी बाहेरचं पाकीट फाडलं. मग आतलं. चिमट्यानं चकती उचलली आणि डबीच्या झाकणावर ठेवली.

“दुसरी करता येईल मला,” ते म्हणाले. “बघाच तुम्ही.”

सरमहाराजांनी तांब्यात बोट बुडवलं. बोट चकतीच्या कडेवर धरलं. एक थेंब लोंबला, लोंबत राहिला, आणि पडला.

आम्ही तिघंही वाकून बघत होतो.

थेंब पसरला नाही.

गोळा होऊन बसला. टपोरा, मोत्यासारखा. दिसायला फार छान दिसत होता, हे मी सांगतो म्हणजे माझ्यावर रागावू नका. तशी वस्तू दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसली असती तर मी बघत बसलो असतो.

“तुमचं पाणी नदीचं आहे,” डॉक्टर म्हणाले. “क्षार असतात.”

बॅगेत त्यांची स्वतःची पाण्याची बारीक बाटली होती. त्यांनी कापसानं चकती टिपली, बाटलीतला थेंब टाकला. गोळा. चकती उलटी केली. गोळा. परत टिपली, परत टाकला. मग झाकण जरासं कललं आणि तो थेंब आपला घरंगळत गेला, पडवीच्या मातीवर पडला, आणि तिथे मात्र लगेच जिरला.

डॉक्टर त्या ओल्या ठिपक्याकडे बघत राहिले.

…

“बिघडली ही,” डॉक्टर म्हणाले. “काहीतरी झालं हिला.”

“काही झालं नाही. मूळची होती तशी झाली.”

“बंद होती सर… सगळं बंद होतं. बाहेरचं काही आत गेलंच नाही.”

“म्हणूनच.”

“म्हणजे?”

“तू झळ दिलीस. पाण्याला धरणारं जे काही होतं ते तू वर आणून ठेवलंस. त्याच्या समोर पाणी असतं तर ते पाण्याकडे तोंड करून राहिलं असतं. तू समोर काय ठेवलंस?”

डॉक्टरांनी फाडलेलं पाकीट उचलून बघितलं.

“काय ठेवलंस?”

“काहीच नाही.”

“मग ते कोणाकडे तोंड करणार?” सरमहाराज हळू आवाजात बोलत होते. “फिरलं. हळूहळू आत फिरलं. वर उरलं ते नुसतं प्लास्टिक. हे मी शिकवलं होतं तुला.”

“शिकवलं होतं.” डॉक्टरांनी मान खाली घातली. “ते साध्या कामाला लागू आहे असं वाटायचं मला. इतकी सुंदर झालेली वस्तू फिरणार नाही असं वाटलं. माझ्या हातची होती…”

मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. आठवलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

“बाकीच्यांच्या…” ते म्हणाले.

“हं.”

“बाकीच्यांच्या मी ज्या त्या वेळी केल्या. हॉस्पिटलचा फोन यायचा, परवा ऑपरेशन आहे, पाठवा. वेळ नसायचा. पाकीट करायलासुद्धा वेळ नसायचा. मिठाच्या पाण्याच्या बाटलीत टाकायचो आणि द्यायचो पाठवून. कधी कधी नीट बघायचोसुद्धा नाही. त्या सगळ्या धरल्या. एकूण एक धरली. कोणाचा कोण माणूस, मी त्यांची तोंडं पाहिलेली नाहीत, ते आज पेपर वाचतात.”

“आणि वैजूची?”

“वैजूची मी जपून ठेवली.”

हे वाक्य ते ज्या आवाजात बोलले तो मला नीट सांगता येणार नाही. रडले असते तर बरं झालं असतं.

“तारीख पुढे जात होती. आधी तिला ताप आला, मग परवानगीचं लांबलं, मग डॉक्टर बाहेरगावी. भाऊबीजेची चकती गुढीपाडव्यानंतर बसली. तोवर मी रोज कपाट उघडून बघायचो. हात लावायचो नाही, नुसतं बघायचो. सगळ्यात चांगली होती ना… म्हणून तिच्यासाठी वेगळी काढली होती. परक्या माणसासारखी घाईत पाठवली असती, तर आज तिला दिसत असतं.”

सरमहाराजांनी चकतीवरचा राहिलेला थेंब बोटानं टिपला आणि बोट धोतराला पुसलं.

“म्हणजे डोळा मी घेतला तिचा.”

सरमहाराजांनी चकती झाकणावर सरळ केली.

“नाही म्हणा, सर.”

ते बोलले नाहीत.

“नाही तर हो म्हणा. शिव्या द्या मला. काहीतरी बोला.”

“शिव्या देऊन काय होईल?”

“मला बरं वाटेल.”

“म्हणूनच देत नाही.”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. केस खरंच पिकलेले होते. मला त्या बाईचं बोलणं आठवलं. जेवायला बसवावं, पाठीवरून हात फिरवावा, असं काहीबाही मनात आलं. पण हे दुःख वाढपी माणसाच्या हाताबाहेरचं होतं.

“तुम्हीसुद्धा सगळं टाकून इथे येऊन बसलात,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “का आलात ते कधी सांगितलं नाहीत. तुमच्याही हातून असंच कोणाचं काही…?”

“हो,” सरमहाराज म्हणाले.

इतकी वर्षं मी त्यांना ताट वाढतो आहे, पण हे मलाही ठाऊक नव्हतं.

…

थोड्या वेळानं डॉक्टर झटकन सरळ बसले. डोळे पुसले. घड्याळ बघितलं.

“नवी करतो,” ते म्हणाले. “उद्याच करतो. झळीतून काढली की थेट पाण्यात. पाण्यातून थेट डोळ्यात. आता कारण कळलं आहे. सोमवार गाठता येईल. सर, तुम्ही वैजूला एवढं सांगा, की—”

इथे माझा ताबा सुटला. मला बोलायचा अधिकार नव्हता, तरी बोललो.

“त्या नको म्हणतायत, डॉक्टर.”

“ते मला माहीत आहे. तेच तर—”

“का नको म्हणतायत, माहीत आहे?”

“घाबरली आहे. साहजिक आहे.”

“सकाळी खिडकी कुठे आहे ते कळतं म्हणाल्या. ऑपरेशन बिघडलं तर तेही जाईल. तेवढं राहू द्या म्हणतात. मला म्हणाल्या, कारण मी विचारलं. तुम्ही कधी विचारलं नाही म्हणाल्या.”

ते माझ्याकडे बघत राहिले.

“आणखी एक म्हणाल्या.” आता सुरुवात केलीच होती. “डोळा काढल्यापासून तुम्ही त्यांच्यासमोर येऊन बसत नाही. बोलता तेव्हा तुमचं तोंड दुसरीकडे असतं. आवाजावरून कळतं त्यांना.”

झाकणावर चकती तशीच पडली होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, आणि जेवढा धीर त्यांनी घड्याळ बघून गोळा केला होता तेवढाही गेला. त्यांनी भिंतीला पाठ टेकली. एवढा मोठा माणूस पडवीत पाय पसरून बसला, आणि ते पाय कुणाचे आहेत हेही त्याला कळत नसावं.

नदीकडून म्हशी परत यायला लागल्या होत्या. त्यांच्या पायांची धूळ चिंचेखाली गेली, बंद काचांवर बसली. आत वैजू सरळ, हालचाल न करता बसली होती. वाट बघत होती, महाराज काय सांगतात त्याची.

“तिला सांगायला लागेल,” डॉक्टर म्हणाले. “कड का सुटली ते.”

“हं.”

“ती म्हणते तिचं नशीब. एकदासुद्धा मला बोल लावला नाही तिनं. हे कळल्यावर…” त्यांनी गाडीकडे बघितलं. “नवी चकती करायची की नाही, मला कळत नाही. केली तर याच हातांनी करणार. नाही केली तर ती खिडकीवरच राहिली. सांगितलं तर तिला काय उरलं? भाऊ होता, तोही गेला. नाही सांगितलं तर मी काय तोंडानं… सर, मला काहीच कळत नाही.”

सरमहाराज उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. चकती उचलली, तांब्यातल्या पाण्यात सोडली, आणि तांब्या डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

डॉक्टरांनी तांब्यात बघितलं. मग वर बघितलं.

“मी काय करू आता?”

सरमहाराज चिंचेकडे बघत उभे होते.

“आधी गाडीची काच खाली कर,” ते म्हणाले.